"कसं आहे रे?" असं विचारलं की काय सांगायचं: फँटसी आणि आरपीजीवाल्यांसाठी

रविवारी सकाळी कोथरूडात एका अमृततुल्यच्या बाहेर आमचा चार-पाच जणांचा कट्टा असतो. साडेआठची वेळ ठरलेली, म्हणजे सव्वानऊला जमतो. परवा एक नवीन मुलगा आला, मित्राच्या ऑफिसातला, हिंजवडीवाला, आणि त्याने साधं विचारलं की विचर थ्री हा आरपीजी गेम (म्हणजे रोल-प्लेइंग, आपण एखादं पात्र होऊन खेळायचा) सेलमध्ये आहे, घेऊ का, कसा आहे. झालं, मी सुरू. मुळात ही पोलिश लेखक सापकोवस्कीची कथा, पहिली १९८६ ला आली, मग पहिला गेम २००७ चा, हा तिसरा २०१५ चा, मग दोन एक्सपान्शन म्हणजे नंतर आलेले जादा भाग, त्यातलं कुठलं आधी खेळायचं, लेव्हल किती लागते वगैरे वगैरे. पोराचा क्रीमरोल संपला, चहा गार होऊन वर साय धरली, आणि मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा तो बिचारा म्हणाला, "म्हणजे... घेऊ ना?"

वीस मिनिटं बोलून मी मूळ प्रश्नाचं उत्तरच दिलं नव्हतं.

आपल्यातल्या बऱ्याच जणांचा हाच घोळ आहे बघा. आवडलं की व्याख्यानमाला लावतो, नाही आवडलं की दोन शब्दांत फासावर चढवतो, आणि मधलं जे असतं, गप्पा मारता मारता आपलं मत सांगणं, ते काही जमत नाही. त्यात पुण्यात मत मागितलं की निकाल मिळतो, पेठेत तर न मागताही मिळतो. तर मी जे काही शिकलोय ते सांगतो, सगळं चुका करून शिकलोय त्यामुळे चुकाही सांगतो. माझं म्हणणं एवढंच आहे की समोरच्याला तुम्ही दिलेले मार्क नको असतात, त्याला हे हवं असतं की तुम्हाला त्या पुस्तकाने किंवा गेमने कुठे पकडलं आणि कुठे सोडलं. बाकी घ्यायचं का नाही ते तो ठरवतो, त्याला डोकं आहे.

तर पहिलं काम, आपण कुठवर पोचलोय ते आधीच सांगून टाकायचं. लाजायचं नाही. "बाल्डर्स गेट थ्री खतरनाक आहे" असं बारा तास खेळलेला माणूसही म्हणतो आणि दोनदा संपवलेला पण म्हणतो, आणि दोघं वेगवेगळ्या गेमबद्दल बोलत असतात. त्याचे नाटकासारखे तीन अंक आहेत. पहिल्या अंकाचा बराचसा भाग ऑक्टोबर २०२० पासूनच लोकांच्या हातात होता, पूर्ण गेम आला ऑगस्ट २०२३ ला, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं लोकं तो खेळून चुका काढत होती आणि बनवणारे घासत होते, त्यामुळे तो अंक लख्ख आहे. तिसऱ्यात मोठं शहर येतं, माणसांची गर्दी येते आणि माझा लॅपटॉप कुकरसारखा शिट्ट्या मारायला लागला. मग मी काय सांगतो, "मी संपवलाय, पहिले दोन अंक झोप न घेता खेळलो, तिसऱ्यात जरा दमलो." एका वाक्यात झालं, आणि ज्याचा लॅपटॉप जुना आहे तो आपोआप पुढचा प्रश्न विचारतो.

गेमचं असेल तर कधी खेळलात ते पण सांगा, हे लोकं विसरतात. सायबरपंक घ्या, फँटसी नाही पण आरपीजीच आहे. तो डिसेंबर २०२० ला आला तेव्हा इतका कच्चा होता की प्लेस्टेशनच्या दुकानातून काही महिने काढूनच टाकला होता. मग दुरुस्त्या होत होत सप्टेंबर २०२३ ला टू पॉइंट झिरो अपडेट आलं आणि पात्राची कौशल्यं वाढवायची सगळी पद्धतच बदलली. आता २०२० ला खेळून सोडलेला आणि काल सुरू केलेला अशी दोन माणसं एका टेबलावर भांडायला लागली तर दोघंही खरं बोलतायत. तारीख सांगितली असती तर भांडण झालंच नसतं, चहा तरी गरम प्यायला असता.

पुस्तकांचं तसं होत नाही, छापलं ते छापलं. तिथे घोळ सिनेमाचा होतो. लॉर्ड ऑफ द रिंग्ज बद्दल बोलणाऱ्या दहातल्या सहा जणांनी सिनेमा पाहिलेला असतो आणि मत पुस्तकावर चाललेलं असतं. कळतं कसं सांगतो. पुस्तकात वाढदिवसाच्या त्या मोठ्या पार्टीनंतर नायक फ्रोडो घर सोडेपर्यंत १७ वर्षं जातात. सतरा! पार्टीला तो ३३ चा असतो आणि निघतो तेव्हा पन्नाशीचा. सिनेमात हे सगळं चुटकीसरशी होतं. त्यामुळे कुणी म्हणालं की काय फास्ट आहे रे सुरुवात, की समजायचं. टोमणा मारायची गरज नाही, "सिनेमा का पुस्तक?" एवढं विचारलं तरी पुरतं. आणि आपण स्वतः फक्त सिनेमा पाहिला असेल तर तसं सांगावं, त्यात कमीपणा काही नाही, तीन लांबलचक सिनेमे पाहिलेत राव, ते पण कष्टच आहेत.

दुसरी गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: एक जागा सांगा. एकच. "ग्राफिक्स मस्त, स्टोरी मस्त, म्युझिक मस्त" हे ऐकून कुणाच्या डोळ्यासमोर काही येत नाही, ते लग्नाच्या अभिप्राय-वहीत लिहितात तसं वाटतं. एल्डन रिंगचं सांगतो. सगळे म्हणतात अवघड आहे, अवघड आहे. अवघड तर कर्वे रोड क्रॉस करणं पण आहे. त्यापेक्षा असं सांगा: गेम सुरू होतो, तुम्ही अंधारातून बाहेर येता, समोर हिरवंगार मोकळं मैदान, आणि त्यात एक सोनेरी चिलखतातला घोडेस्वार शांतपणे फेऱ्या मारतोय. तुम्हाला वाटतं पहिलाच शत्रू आहे म्हणजे सोपा असणार. मी गेलो, मेलो. परत गेलो, परत मेलो. रात्री दीडपर्यंत हेच, मी मोजायचं सोडून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी मित्राला फोन करून शिव्या घातल्या तर तो म्हणतो, "अरे त्याच्याशी लढलाच का? बाजूने निघून जायचं ना." म्हणजे रस्ता मोकळा होता! कुणी अडवलंच नव्हतं! गेमच्या मनात हेच होतं की नडायचं का वळून जायचं हे तू शिक. आता ही एक जागा ऐकून समोरचा एकतर म्हणतो की कसलं भारी, आजच घेतो, किंवा म्हणतो की मला ऑफिसात एवढं पुरतं, घरी येऊन नको. दोन्ही उत्तरं बरोबर. "अवघड आहे" ऐकून त्याला यातलं काहीच कळलं नसतं.

पुस्तकाची जागा सांगताना पहिल्या पन्नास-साठ पानांतलीच घ्या, कारण पुढे येतो स्पॉइलरचा, म्हणजे गोष्ट आधीच फोडण्याचा विषय आणि त्यात माझं तोंड भाजलेलं आहे.

गेल्या वर्षी भाचीला क्लासवरून आणत होतो, ती मागे बसलेली, नळ स्टॉपच्या सिग्नलला थांबलो. ती एक लांबलचक मालिका वाचत होती (कुठली ते सांगत नाही, एकदा केलेली चूक पुरे). म्हणाली, "मामा, चौथ्या भागात आलेय, तो म्हातारा कसला आवडतो मला." आणि मी म्हणालो, "हो ना, म्हणून तर पुढे वाईट वाटतं." बस्स, एवढंच. कोण मेलं, कधी मेलं, काही बोललो नाही. सिग्नलचे आकडे उतरत होते, ४१, ४०, ३९, आणि आरशात तिचं हेल्मेट दिसत होतं, ते हलतच नव्हतं. कर्वे पुतळ्यापर्यंत एक शब्द नाही. मग गाडीवरून उतरताना म्हणाली, "मामा, पुढच्या वाढदिवसाला पुस्तक नको देऊस. पैसे दे."

म्हणजे स्पॉइलर हा फक्त माहितीचा नसतो, सुराचाही असतो. "शेवटी असा ट्विस्ट आहे ना" हा स्पॉइलर आहे, कारण आता तो माणूस शेवटपर्यंत ट्विस्टच शोधत बसणार. "त्याच्यावर फार जीव लावू नकोस" हा तर सरळ खून आहे. मी आता एक पथ्य पाळतो, समोरचा ज्या पानावर आहे त्याच्या पुढचं तोंडावर पण दिसू द्यायचं नाही, आणि बोलायचंच असेल तर त्यालाच विचारायचं की तुला काय वाटतं, पुढे काय होईल. यात अजून एक मजा आहे, लोकं जे अंदाज करतात ना, ते कधीकधी लेखकापेक्षा बरे असतात.

आता शब्दांकडे येऊ. आपण सगळे भारी, बकवास आणि ओके-ओके या तीन शब्दांवर संसार चालवतोय. इंग्रजी रिव्ह्यू ऐकून ऐकून मग "पेसिंग", "वर्ल्डबिल्डिंग" असलं पण बोलतो, बोला, माझी हरकत नाही, मी पण बोलतो. पण घरात जे शब्द आहेत ते जास्त नेमके आहेत. "पाणी घातलंय" घ्या. पाहुणे वाढले की आमटीत घालतात तसं, चव तीच पण पातळ. व्हील ऑफ टाइम या फँटसी मालिकेचे १४ भाग आहेत आणि माझ्या मते आठव्यापासून दहाव्यापर्यंत पाणी घातलंय. हे "स्लो आहे" पेक्षा वेगळं झालं, कारण स्लो तर लॉर्ड ऑफ द रिंग्ज पण आहे पण ते पातळ नाही. मग "ताणलंय", हे गेमांना जास्त लागू पडतं, नकाशावर शंभर प्रश्नचिन्हं आणि प्रत्येकाखाली तेच तीन दरोडेखोर. "गुंडाळलंय" म्हणजे शेवट घाईत उरकला, मंडपवाला गाद्या उचलायला लागलाय आणि अजून पंगत बसलीये तसं. आणि "भट्टी जमलीये", हा शब्द जपून वापरा, वर्षातून दोनदा फार तर.

"अंगावर येतं" हा पण कामाचा. डिस्को एलिझियम नावाचा २०१९ चा गेम आहे, एस्टोनियातल्या मंडळींनी बनवलेला. नेहमीसारखी मारामारीच नाही, नुसतं वाचायचं आणि बोलायचं. नायक पोलीस आहे, दारू पिऊन सगळं विसरलेला, आणि त्याच्या डोक्यातली २४ कौशल्यं आपापसात भांडतात, एका वाड्यातले २४ भाडेकरू आणि नळ एक, असं. मला पहिले दोन तास अंगावर आलं, मग त्यातला एकेक भाडेकरू ओळखीचा झाला आणि मी तिथेच राहायला गेलो. हे असं सांगितलं की ज्याला वाचायचा कंटाळा आहे तो सुटतो.

आता समोरचा या लायनीतलाच नसेल तर? गणपतीत सगळे जमलेले, भाची लॅपटॉपवर बाल्डर्स गेट थ्री खेळतेय, आणि काका मागे उभे राहून म्हणणार, "हे सगळं आपल्या महाभारतात आहे." आधी मी वाद घालायचो. आता मी म्हणतो, "आहे ना काका, कर्णाची शक्ती आठवा." कवचकुंडलांच्या बदल्यात इंद्राने दिलेली, एकदाच वापरता येणारी, आणि त्याने ती अर्जुनासाठी राखून ठेवलेली. आता आरपीजी खेळणारा कुठलाही माणूस सांगेल की हे आपणच आहोत. भारीतली भारी औषधं, अस्त्रं, मंत्र, सगळं शेवटच्या मोठ्या शत्रूसाठी जपून ठेवायचं आणि मग गेम संपतो तेव्हा झोळीत तसंच पडलेलं. कर्णाला निदान चौदाव्या दिवशीच्या रात्री घटोत्कचावर ती वापरावी तरी लागली, आणि तिथे त्याचं सगळं गणित फिसकटलं. काका हे ऐकून खुर्ची ओढून बसले. भाचीने मग त्यांना दाखवलं की यात सगळं वीस बाजूंच्या फाशावर चालतं, कुणाशी गोड बोलायचं तरी फासा टाकायचा, मूळचा डंजन्स अँड ड्रॅगन्स हा १९७४ चा टेबलावर खेळायचा खेळ आणि हे त्याचेच नियम. काका म्हणाले, "फासे? मग यात शकुनी कोण?" आणि तिने तो पांढऱ्या केसांचा, गोड बोलणारा सोबती दाखवला, आणि दोघं अर्धा तास त्याच्यावर विश्वास ठेवावा का यावर बोलत होते. आरतीला हाका मारायला लागल्या.

काकांनी स्वतःहून ओळखीचं काहीतरी पुढे केलं होतं, मी फक्त ते धरलं. आधी मी "नाही हो काका, हे वेगळं असतं" म्हणायचो आणि विषय तिथेच मिटायचा.

याचंच उलटं टोक म्हणजे "मराठीत फँटसी नाहीच रे". हे मात्र कट्ट्यावर कुणी बोललं की मी थांबवतो, मवाळपणे. आपल्या सुरुवातीच्या कितीतरी कादंबऱ्या मुळी अद्भुतरम्यच होत्या. हळब्यांची मुक्तामाला १८६१ ची, रिसबुडांची मंजुघोषा १८६८ ची, सगळं राजपुत्र, योगायोग आणि चमत्कार. अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी तर पुण्यातच कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणायला घेतल्या आणि पुढे विष्णुशास्त्रींनी पुऱ्या केल्या. आणि नारायण धारप पुण्यातच बसून समर्थांच्या कथा लिहीत होते, त्यात काळ्या शक्तीशी जे झगडे आहेत त्यांना भयकथा म्हणा नाहीतर फँटसी म्हणा, आमच्या शाळेतल्या लायब्ररीत त्या कायम बाहेर गेलेल्या असायच्या. आजच्यासारखे नकाशे आणि ड्रॅगनवाले जाडजूड खंड कमी आहेत हे म्हणा, ते खरं आहे.

आपल्या गावचं म्हणून मात्र उगाच कौतुक करू नका, त्याने कुणाचं भलं होत नाही. राजी नावाचा गेम पुण्यातल्या स्टुडिओने बनवलाय, २०२० ला आला. आरपीजी नाही तो, ॲक्शन-ॲडव्हेंचर आहे, हे आधी सांगावं नाहीतर माणूस लेव्हल शोधत बसतो. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, आणि गोष्ट सांगतात कोण, तर दुर्गा आणि विष्णू, आपापसात गप्पा मारत. भित्तिचित्रं आणि वास्तू बघत मी कितीतरी वेळ नुसता चालत होतो. मारामारी मला थोडी अडखळती वाटली. दोन्ही वाक्यं बोलावी, पहिलं आधी.

वाद होणारच, तो कसा घालायचा ते थोडक्यात. तुमचा जीव की प्राण असलेला गेम कुणी "पकाऊ" म्हणाला की लगेच "तुला कळलाच नाही" म्हणायचं नाही. त्याऐवजी विचारा, "कुठे सोडलास?" या दोन शब्दांनी आमच्या कट्ट्यावरची निम्मी भांडणं मिटलीयेत. कारण उत्तर येतं की दलदलीतल्या त्या गावात कंटाळलो, आणि आपल्याला पण आठवतं की हो, तिथे आपण पण दोन आठवडे थांबलो होतो. मी विचर थ्री मध्ये हरवलेल्या मुलीला शोधायचं सोडून गावोगाव पत्ते खेळत हिंडलो, तो आतला ग्वेंट नावाचा खेळ, मुलगी बिचारी तिकडे संकटात. हे कबूल केलं की समोरचा पण कबूल करायला लागतो.

मालिका अपुरी असेल तर ते न विचारता सांगा, ही माणुसकी आहे. गेम ऑफ थ्रोन्सवाल्या मार्टिनसाहेबांचा पहिला भाग १९९६ चा, पाचवा २०११ चा, आणि सहाव्याची आम्ही वाट बघतोय, मेट्रो येऊन गेली पण हा काही येईना. उलट व्हील ऑफ टाइमचे लेखक जॉर्डन २००७ ला गेले आणि सँडरसन या दुसऱ्या लेखकाने शेवटचे तीन भाग लिहून २०१३ ला मालिका पुरी केली. काही लोकांना अपुरं चालतं, मला चालतं. माझ्या बायकोला अजिबात नाही, ती आधी शेवटचा भाग बाजारात आलाय का बघते.

आणि एवढं सगळं नीट जमलं तर काय होतं सांगू, समोरचा म्हणतो, "मग दे की वाचायला." इथे सावध. पहिल्या पानावर पेनाने नाव घाला, पेन्सिलने नको. कुणाला दिलं आणि कधी ते फोनमध्ये टिपून ठेवा. मालिका असेल तर एका वेळी एकच भाग द्या, दुसरा मागायला आला की पहिला परत येतो, हा एवढाच मार्ग आहे. माझा सँडरसनच्याच मिस्टबॉर्न मालिकेचा पहिला भाग २०१९ पासून वारज्यात आहे, मी त्याची इतकी सुंदर तारीफ केली होती की त्या माणसाने तो पुढे कुणाला तरी दिला, आणि अप्पा बळवंत चौकात मी दरवेळी जुन्या पुस्तकांच्या ढिगात वाकून बघतो, माझं नाव असलेला दिसतोय का.